मिस्त्रींच्या पसंतीची गाडी

गाडी घ्यायची होती चिमीला, चालवायची होती चिमीने, आणि अक्कल पाजळायची होती बाकी सगळ्यांना. आईचं म्हणणं, मोटारसायकल कशाला, स्कूटर घे, पाय तरी नीट ठेवून बसता येईल. ऑफिसातला ढोल्या म्हणायचा, घ्यायची तर चांगली दणकट घे, लोकांनी आपणहून वाट सोडली पाहिजे. मोठ्या बहिणीने फोन करून कळवलं, की तिच्या नवऱ्याच्या मते गाडी घेऊच नये. तिचा नवरा म्हणजे सायकलवरून दोनदा पडलेला माणूस. त्याला कोणी विचारलं होतं, देव जाणे.

चिमीचा हिशोब अगदी सरळ होता. ती लिफ्ट दुरुस्त करायची. चार वर्षं तिने दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती. शाफ्टमध्ये उतरायचं तिने, हात काळे करायचे तिने, आणि शेवटी वहीत सही करायची ढोल्याने. आता पुलापलीकडच्या भागातला म्हातारा कामगार निवृत्त होत होता. तो भाग मिळाला, की लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर फोन थेट चिमीला येणार, आणि सहीही तिचीच असणार. साहेबांनी तिला खुर्चीत बसवून स्वच्छ सांगितलं होतं.

"काम तुला येतं, त्यात वाद नाही. पण माणूस अडकला की अर्ध्या तासात पोचायचं, असा आपला करार आहे. तू बसस्टॉपवर उभी राहिलीस, तर आतला माणूस माझा उद्धार करेल. एक तारखेला लायसन्स आणि गाडी, दोन्ही दाखव. नाहीतर भाग ढोल्याला देतो."

ढोल्याकडे दोन्ही होतं. फक्त काम येत नव्हतं.

आता चिमीची उंची बेताची, हे तिच्या नावावरूनच कळावं. तिला हवी होती हलकी, बसकी, फार जोर नसलेली गाडी. सिग्नलला थांबलं तर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि पडलीच तर एकटीला उचलता आली पाहिजे, बस. पहिल्या गाडीकडून याहून जास्त मागू नये, एवढं तिला कळत होतं. जुन्या गाड्या विकणाऱ्याचा पत्ता तिने शोधून ठेवला आणि रविवारी सकाळी चप्पल घालून निघाली, तर दारात बाबा. इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

"चल," बाबा म्हणाले. "यंत्राची पारख लागते."

बाबा शिवणयंत्रांचे मिस्त्री. गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, मिस्त्रीच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची यंत्रं उघडली आणि मिटली. नुसत्या आवाजावरून सांगायचे, की सुई वाकलीय का पट्टा सैल झालाय. मग दीड वर्षापूर्वी हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू खाली पडायला लागले, पडले की सापडेनात. गिऱ्हाईकं काही बोलली नाहीत, नुसती यायची बंद झाली. तेव्हापासून घरातल्या एकाही वस्तूला स्वस्थता नव्हती. बिजागऱ्या, पंखा, खिडकीच्या कड्या, आईची कात्री, सगळ्यांना तेल. लोखंडाला लोखंड घासतं तिथे एक थेंब, आणि आवाज म्हणजे यंत्राची तक्रार, ही त्यांची दोन तत्त्वं. चिमीच्या कपाटाचं दार इतकं गुळगुळीत झालं होतं, की बंदच राहत नव्हतं.

विकणाऱ्याच्या आवारात चिमीला पहिल्याच रांगेत एक लाल गाडी दिसली आणि तिचा जीव जडला. बसकी, छोटीशी, रंगावर एक ओरखडा नाही. ती वर बसली तर दोन्ही टाचा टेकल्या. विकणाऱ्याने चालू करून दाखवली. बाबांनी टाकीवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"हिचा टाका सुटतोय," ते म्हणाले.

"काका, ही मोटारसायकल आहे," विकणारा म्हणाला.

"तेच सांगतोय. आठ टाके नीट घालते आणि नववा सोडते. ऐका ना."

चिमीने ऐकलं. तिला काही ऐकू आलं नाही. विकणाऱ्याला यायचं कारण नव्हतं. पण बाबा हटून बसले. दुसऱ्या गाडीचा आवाज त्यांना कोरडा वाटला, तिसरीचा खोटा. खोटा आवाज म्हणजे काय, हे विचारायची चिमीची शामत नव्हती, कारण बाबांनी अर्धा तास समजावलं असतं. शेवटी भिंतीला टेकवलेली, वांग्याच्या रंगाची, सीट उसवलेली एक जुनी एकशेपंचवीस सीसीची गाडी त्यांनी चालू करायला लावली. डोळे मिटून उभे राहिले ते राहिलेच.

"ही घे," ते म्हणाले.

पाय टेकत होते, एवढंच तिच्यात बघण्यासारखं होतं. ऊन डोक्यावर आलं होतं, चिमीचं डोकं फिरायची वेळ आली होती. घेतली. बाबा घरापर्यंत वाटभर सांगत होते की रंगाचं काय घेऊन बसलीस.

खरा संताप तर पुढे आला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ती गाडी तपासली, दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "ताई, रंगावर जाऊ नका. इंजिन नुसतं घड्याळ आहे. निवडली कोणी?"

म्हणजे बाबा बरोबर होते. माणूस चुकला तर निदान रागावता येतं. चिमीने बोट दाखवलं. गॅरेजवाल्याने बाबांना खुर्ची दिली, कसं ओळखलंत विचारलं, आणि बाबांनी नवव्या टाक्याची गोष्ट सांगितली. गॅरेजवाला हसला नाही. त्याने नीट ऐकून घेतलं.

"मिस्त्री, एक तारखेपासून इथे येऊन बसा की," तो म्हणाला. "माझ्याकडे इंजिनाचा आवाज ओळखायला असा कान नाही."

"हात थरथरतात," बाबा म्हणाले.

"हात माझे आहेत. तुम्ही नुसतं ऐका आणि सांगा."

त्या दिवशी बाबा दोनदा जेवले, असं आई सांगायची. एक तारखेला सोमवार येत होता. शर्ट कुठला घालायचा हे बुधवारीच ठरलं.

गॅरेजवाल्याने चिमीलाही गाडी कशी सांभाळायची ते सांगितलं होतं, बाबांच्या समोरच. टायरची हवा दर दोन-चार दिवसांनी बघायची. आठवड्याला चेन पुसून तिला तेल. इंजिनाच्या तेलाची पातळी काचेतून बघायची. ब्रेक नरम वाटला तर मला दाखवायचा. "बाकी कशालाही हात लावायचा नाही," तो म्हणाला. "शिकाऊ माणसाची गाडी शिकाऊ माणूस बिघडवत नाही. घरातले हौशी बिघडवतात." बाबांनी जोरजोरात मान हलवली. असे हौशी लोक त्यांनीही आयुष्यभर पाहिले होते.

आणि दुसऱ्याच दिवशी चिमी कामावरून आली, तर चेन ताणलेली. शिवणयंत्राचा पट्टा अंगठ्याने दाबून बघतात तशी बाबांनी चेन दाबून बघितली होती, त्यांना ती सैल वाटली. गॅरेजवाल्याने ती परत सैल केली आणि हे चिमीचंच काम समजून तिला दहा मिनिटं ऐकवलं. तिसऱ्या दिवशी सीट टेबलाच्या पॉलिशने चमकत होती. चिमी बसली ती घसरत टाकीपर्यंत गेली. मग आरसे. बाबा गाडीवर बसून बघायचे आणि आरसे आपल्या उंचीला लावायचे, त्यामुळे चिमीला मागच्या रस्त्याऐवजी मागचं आभाळ दिसायचं. रोज ती आरसे खाली करायची, रोज बाबा वर करायचे.

"बाबा, राहू द्या ना तिला," ती म्हणायची.

"यंत्राकडे बघावं लागतं. घेऊन नुसतं उभं करायचं नसतं."

"मी बघते."

"तू कधी बघणार? दिवसभर बाहेर असतेस."

आई मधे पडायची. "अगं, करू दे. त्यांना तेवढाच विरंगुळा आहे." म्हणजे घरातला सगळा विरंगुळा चिमीच्या गाडीच्या डोक्यावर. ती दात ओठ खायची आणि गप्प बसायची. खरं सांगायचं तर तिला बाबांचा राग येत होता आणि राग येतो याचीही लाज वाटत होती, आणि या दोन्हींपायी ती कोणाशीच धड बोलत नव्हती.

शिकवायचं काम गॅरेजवाल्याने अंगावर घेतलं होतं. घरामागच्या मैदानात संध्याकाळी तो तिला फेऱ्या मारायला लावायचा. आठाचा आकडा, चढावर थांबणं, रेघेवर थांबणं. "पुढचा ब्रेक हाच खरा ब्रेक, मागचा नुसता सोबतीला," हे त्याने तिच्या डोक्यात इतकं भरलं, की ती स्वप्नातही उजव्या हाताची बोटं आवळायची. पुढचा ब्रेक दाबला की बारीक कुईं असा आवाज यायचा. चिमीने विचारलं, तर तो म्हणाला, धूळ आहे, आपोआप जाईल, लक्ष देऊ नका.

चिमीने लक्ष दिलं नाही. मैदानाच्या कडेला बाबा उभे असायचे. त्यांना तो आवाज दाताखाली खडा आल्यासारखा लागायचा. दोनदा त्यांनी सांगितलंही, "ती ओरडतेय, चिमे." चिमीने ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं.

परीक्षा गुरुवारी होती. एक तारखेच्या आधीची ती शेवटची. परीक्षा त्याच मैदानात, आणि सोबत लायसन्सवाला कोणी नाही, म्हणून चिमीने गाडी ढकलतच न्यायची ठरवली. ती खाली उतरली तर बाबांनी गाडी आधीच पायऱ्यांशी काढून ठेवली होती, पुसून लख्ख. कधी नव्हे ते आरसेही चिमीच्या उंचीला लावले होते. तिला बरं वाटलं. मैदान येईपर्यंत ती बाबांशी चार शब्द गोडीने बोलली, आणि हे तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

परीक्षा घ्यायला एक उंच, कोरड्या चेहऱ्याच्या बाई होत्या. हातात तक्ता, गळ्यात शिट्टी. आठाचा आकडा चिमीने पाय न टेकता काढला. चढावर गाडी बंद पडली नाही. आता फक्त शेवटचं राहिलं, वेगात यायचं आणि पांढऱ्या रेघेच्या आत थांबायचं. हे तर तिने शंभर वेळा केलं होतं. ती आली, बोटं आवळली, आणि काहीच झालं नाही. ब्रेक हाताला लागत होता, पण गाडीला लागत नव्हता. मागचा ब्रेक दाबला, तोपर्यंत रेघ मागे गेली होती. तिने रेघेपलीकडचा प्लास्टिकचा एक शंकू आडवा केला आणि बाईंच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली. बाई हलल्यासुद्धा नाहीत. बहुधा सवय असावी.

"ब्रेक दाबला होता?" बाईंनी विचारलं.

"दाबला होता. धरला नाही."

"रोज दहा जण हेच सांगतात." बाईंनी तक्त्यावर फुली मारली. चिमीचा चेहरा बघून जरा थांबल्या. "हे बघा, दोष गाडीचा असेल तर गॅरेजमधून तसं लिहून आणा. शनिवारी मी इथेच आहे, पुन्हा घेईन. दोष तुमचा असेल तर महिन्याने या."

चिमीने तडक गाडी गॅरेजकडे वळवली. बाबा मागून ढकलत होते. ते एक अक्षर बोलत नव्हते, पण परीक्षेत नापास झालेल्या मुलीशी बाप काय बोलणार, असं तिला वाटलं. तिच्या डोक्यात फक्त शनिवार होता. चिठ्ठी मिळाली की शनिवार मिळाला, शनिवार मिळाला की सोमवार आपला.

गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाईकं बाकावर बसली होती. गॅरेजवाल्याने सगळं ऐकलं, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, ब्रेकच्या तबकडीवरून बोट फिरवलं आणि बोट अंगठ्यावर घासलं. मग उठला.

"तेल," तो म्हणाला. "ब्रेकला तेल घातलंय."

चिमीला तत्क्षणी कळलं. बाबांकडे बघायचीही गरज नव्हती, तरी तिने बघितलं. बाबा भिंतीवर टांगलेले टायर बघत होते. एकेक टायर, अगदी लक्ष देऊन.

"कोणाची अक्कल ही?" गॅरेजवाला चिडला होता. "आवाज बंद करायला ब्रेकला तेल. जीव गेला असता कोणाचा तरी. ताई, मला सरळ सांगा. दुसऱ्या कोणी घातलं असेल, तर मी आत्ता लिहून देतो, चालवणारीचा काही दोष नाही. पण तुम्हीच घातलं असेल, तर मी काय तोंडाने लिहू? जिला ब्रेक कळत नाही, तिला रस्त्यावर सोडा म्हणून?"

त्याने ड्रॉवरमधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, पेन काढलं. उत्तर चिमीच्या जिभेवर होतं. एकच शब्द, आणि तोही खरा. चेन, पॉलिश, आरसे, महिनाभराचं सगळं त्या शब्दामागे उभं होतं. बाकावरची दोघं मान वर करून बघत होती. गॅरेजवाल्याच्या टेबलाशेजारी एक उशी घातलेलं स्टूल ठेवलेलं होतं, नवं, सोमवारसाठी आणलेलं. ब्रेकला तेल घालणाऱ्या माणसाला त्यावर कोण बसवणार?

"मी," चिमी म्हणाली.

म्हणाली आणि थांबली. तिला काही थोर वगैरे व्हायचं नव्हतं, तेव्हा उगाच तिच्या गळ्यात माळ घालू नये. तिने फक्त जागा मोकळी सोडली होती. बाबांनी पुढे यावं, आपल्या तोंडाने सांगावं, म्हणजे निदान लेकीने चारचौघांत नाव घेतलं असं तरी व्हायला नको. एक श्वास, दोन श्वास. बाबा वळले. आता बोलतील, आत्ता बोलतील, असं तिला वाटलं आणि तिने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

"मिस्त्री," गॅरेजवाला म्हणाला, "तुमच्यासारखा जाणता माणूस घरात असताना हिने असं करावं?"

बाबांनी घसा साफ केला. "विचारायला पाहिजे होतं हिने," ते म्हणाले.

चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅरेजवाला मान हलवत होता. बाकावरच्या एकाने, जो आजवर चिमीला कधी भेटला नव्हता, तिला समजावलं की बाई, तेल फक्त चेनला. दुसरा म्हणाला, होतं असं शिकताना. चिमी उभी राहून ऐकत होती. शब्द तिचा, तो परत घ्यायचा तर बापाला खोटं पाडून घ्यायचा. एकदा तर तिने तोंड उघडलंही. बाबांनी तिच्याकडे बघितलं. अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मोठ्या माणसाने लहान मुलासारखं बघितलं की फार वाईट वाटतं. तिने तोंड मिटलं.

गॅरेजवाल्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा परत ड्रॉवरमध्ये टाकला. तबकडी धुतली, आतले गुटके बदलले, ब्रेक दाबून दाखवला. "महिनाभर सराव करा, ताई. घाई नको," तो म्हणाला, आणि मग बाबांना, "मिस्त्री, सोमवारी नऊला या." बाबांनी मान हलवली.

चिमीने तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, काय झालं, गाडीत काही बिघाड होता का? ती म्हणाली, नाही, माझंच चुकलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग ढोल्याला कळवतो, तू त्याच्याबरोबर जा, त्याला लिफ्टचं तितकंसं जमत नाही. हेही वर तिनेच ऐकून घेतलं.

घराकडे जाताना रस्त्याला चढ होता. चिमी हँडल धरून पुढे, बाबा मागे दोन्ही हात सीटवर टेकवून ढकलत. संध्याकाळची गर्दी दोन्ही बाजूंनी जात होती. चिमी मनातल्या मनात भांडत होती. तुम्हाला कळलं होतं ना, शनिवार गेला म्हणून. चार वर्षं गेली म्हणून. मी तुमचं नाव नाही घेतलं, तर निदान वरून बोल तरी लावायचा नाही. किती तरी वाक्यं तिने जुळवली आणि मोडली. चढ संपला तेव्हा ती थांबली. मागे न बघताच बोलली, आणि बोलली ते भलतंच साधं निघालं.

"मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल."

बाबांना धाप लागली होती. सीटवरचे हात त्यांनी काढले नाहीत, तेवढ्यानेही सीट थरथरत होती.

"मलाही वाटलं होतं, मी बोलेन," ते म्हणाले.